टॅपिओका जहाजाची घंटा

मेव्हिस ट्रेगेअरच्या घरात काचेचा पेला नव्हता. एकही नाही. पाणी प्यायचं ते पत्र्याच्या मगातून, आणि नाताळात शेरी द्यायची तीसुद्धा चहाच्या कपातून. इंग्लंडच्या किनाऱ्यावरल्या सॉल्टॅशच्या त्या उताराच्या गल्लीत बायका यावर काय काय बोलायच्या. कुणी म्हणायची, म्हातारी चिक्कू आहे. कुणी म्हणायची, हात थरथरतात, फोडत असेल. भिंतीला भिंत लागून राहणारी मिसेस गिलबर्ड तर छातीठोकपणे सांगायची, की बाई चोरून पिते, आणि कपातलं कुणाला दिसत नाही म्हणून कप. मेव्हिसच्या कानावर हे सगळं होतं. तिने कधी कुणाचं तोंड धरलं नाही. खरं कारण सांगितलं असतं तर लोक आणखीच हसले असते, आणि लोकांच्या हसण्याचा तिला फार पूर्वीच वीट आला होता.

ती मूळची डेव्हनपोर्टची, गोदीच्या भिंतीला लागून असलेल्या एका पबच्या माडीवर जन्मलेली. पब तिची आई टॅमसिन चालवायची. गिऱ्हाईक सगळं नौदलाचं. संध्याकाळी गोदीचा भोंगा झाला की निळ्या गणवेशांचा लोंढा आत यायचा आणि बोलण्याच्या गलक्यात शेजारच्याचं ऐकू यायचं नाही. पण एक आवाज मात्र सगळ्यांना ऐकू यायचा. पेल्याला पेला घासून किंवा चमचा लागून काच किणकिणली, की बोलणारे तोंड उघडं ठेवून थांबायचे आणि जो जवळ असेल तो झटकन पेल्यावर पंजा ठेवायचा. नाद बंद. मग पुन्हा गलका.

"काच वाजायला लागली की आपणहून थांबू द्यायची नाही," आईने तिला भांडी विसळायला उभं केलं त्याच दिवशी सांगितलं होतं. "नाद आपला आपण विरला, की समुद्रावर कुठेतरी एक खलाशी बुडतो. हात ठेवलास तर वाचतो."

"आणि मग?" मेव्हिसने विचारलं होतं. लहानपणी तिला प्रत्येक गोष्टीचं 'आणि मग' लागायचं.

"मग काय? सैतान रिकाम्या हाताने थोडाच जातो? एका खलाशाच्या बदल्यात लष्करातले दोन उचलतो."

"दोन?"

"त्यांची काळजी त्यांच्या आया करतील. तू पेले पूस."

लष्कराच्या बराकी टेकडीवर होत्या आणि ते लोक प्यायला दुसरीकडे जायचे. मेव्हिसने आयुष्यात खाकीतला माणूस जवळून पाहिला नव्हता. तिने पेले पुसले.

पुढे तिचं लग्न झालं ते पेट्रॉक ट्रेगेअरशी. जहाजाच्या भट्टीवर काम करणारा, हसला की डोळे मिटणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात त्याचं जहाज उत्तरेकडच्या थंड पाण्यात गेलं, आणि त्यातलं कुणी परत आलं नाही. का गेलं, कसं गेलं, हे कुणी नीट सांगितलं नाही. मेव्हिसने स्वतःपुरतं कारण शोधलं. कुठल्या तरी टेबलावर काच वाजली असेल आणि कुणी हात ठेवला नसेल. तुम्ही-आम्ही याला खूळ म्हणू, आणि खूळ ते होतंच. पण ज्या बाईला पुरायला प्रेतसुद्धा मिळालं नाही, तिने काहीतरी घट्ट धरायला घेतलं, तर तिला शहाणपण शिकवायला आपण कोण?

मुलगा डेन्झिल आजीपाशी ठेवून ती लंडनला गेली आणि फिरत फिरत रेडिओवर आवाज काढायच्या कामाला लागली. हे काम मोठं गमतीचं. खडीच्या ट्रेमध्ये बूट घालून जागच्या जागी चालायचं, म्हणजे घरोघरी ऐकणाऱ्यांना वाटतं कुणी बागेतून येतंय. पत्रा हलवला की वीज, पत्र्याच्या टबात हात बुडवला की समुद्र. मेव्हिसच्या हाताला उपजत अंदाज होता. शेजारी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर स्टॅन अफिंडेल असायचा, लंडनचाच, जाडजूड, सतत पेपरमिंट चघळणारा. लाटा, सीगल, तोफा हे सगळं त्याच्या तबकड्यांवर. तो लाटा लावायचा, ती वल्ही मारायची. दोघांचं छान जमलं होतं.

युद्धानंतर काही वर्षांनी 'एच. एम. एस. टॅपिओका' सुरू झालं. नौदलाची टर उडवणारा विनोदी कार्यक्रम. शाळेत दुधात शिजवून खायला घालायचे त्या गिळगिळीत टॅपिओकाचं, म्हणजे साबुदाण्याचं नाव युद्धनौकेला, इथूनच हसायला सुरुवात. जहाज अख्ख्या इंग्लंडच्या नौदलात सगळ्यात निरुपयोगी. कॅप्टनला डावं-उजवं कळत नाही, नांगर टाकला तर तो दुसऱ्याच जहाजावर पडतो. एका जुन्या नाटकघरात रविवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण व्हायचं आणि मंगळवारी तो साऱ्या देशात वाजायचा.

पहिल्याच भागात जहाजाच्या घंटेचं अडलं. खरी पितळी घंटा आणली होती. ती वाजवली की प्रेक्षक गंभीर व्हायचे. निर्माते मिस्टर हॅझलडीन डोकं धरून बसले. "चर्चमध्ये आल्यासारखं वाटतंय! दुसरं काहीतरी करा!" मेव्हिस पाणी पीत होती. तिच्या हातातल्या पेन्सिलीचा धक्का पेल्याच्या काठाला लागला. टिंग. केविलवाणा, नाकातला आवाज. तिने सवयीने लगेच पंजा ठेवला.

"हीच!" हॅझलडीन ओरडले. "हीच टॅपिओकाची घंटा! पण बाई, हात कशाला ठेवलात? वाजू द्या ना तिला. जेवढी वाजेल तेवढी वाजू द्या."

ते चुकीचं सांगत नव्हते. कॅप्टन मोठ्या रुबाबात "घंटा!" असं गरजायचा आणि त्या प्रचंड जहाजावर ते टिंग व्हायचं, आणि होतच राहायचं. नाद जितका लांबायचा तितकं थिएटर हसायचं. महिन्याभरात शाळेतली पोरं बाटल्यांवर चमचे आपटून टॅपिओकाची घंटा वाजवायला लागली. मेव्हिसला मात्र तो नाद प्रत्येक वेळी नकोसा व्हायचा, कारण डेन्झिल आता बालवाडीतला राहिला नव्हता. तो नौदलात होता, एच. एम. एस. पेनलिंग्टन नावाच्या जहाजावर. युद्धात पाण्यात सोडलेले आणि तिथेच विसरलेले सुरुंग शोधून काढायचे, हे त्या जहाजाचं काम.

तिने पत्र्याचा मग करून पाहिला. हॅझलडीन म्हणाले, नाही. पेल्यात पाणी घालून नाद आखूड करून पाहिला. नाही म्हणजे नाही. काम सोडायचाही विचार केला. पण तिच्या जागी येणारी पोरगी पेला वाजवणार आणि खुशाल वाजू देणार, हे तिला कळत होतं. निदान आपला हात तरी तिथे असतो. मग तिने वाट काढली. नाद लांबू द्यायचा, हसू पिकू द्यायचं, आणि अगदी विरता विरता, शेवटचं टोक उरलं असताना पंजा ठेवायचा. ऐकणाऱ्याला फरक कळत नव्हता. सैतानाला कळत असेल, अशी तिची खात्री होती. डेन्झिलची कार्डं नियमित येत होती. अन्न वाईट आहे, उलट्या होतात, मजेत आहे.

एकदा स्टॅनने विचारलंच. "मेव्हिस, त्या पेल्याला दर वेळी झोपवल्यासारखं काय करतेस?"

तिने सांगितलं. अर्धंच सांगितलं, खलाशापर्यंतचं. स्टॅनला ते इतकं आवडलं की त्याने घरी बायकोला सांगितलं, कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. "आमची मेव्हिस दर रविवारी एक खलाशी वाचवते, माहितीय?" असं तो कौतुकाने म्हणायचा. त्यात चेष्टा होती, पण मायेची.

कॅप्टनची भूमिका करणारे ऑब्री फेअरब्रास स्वतः युद्धात नौदलात होते. एके दिवशी कॅन्टीनमध्ये स्टॅनचं हे ऐकून ते खदखदून हसले. "अहो अफिंडेल, बाईंनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली! एक खलाशी वाचला की सैतान दोन सैनिक नेतो. आम्हाला तर सौदा फार पसंत होता बुवा. लष्करात तसेही फार झालेत!"

सगळं टेबल हसलं. स्टॅनने कप खाली ठेवला. त्याचा एकुलता एक मुलगा कॉलिन सक्तीच्या लष्करी नोकरीत होता, आणि त्याच महिन्यात त्याची पलटण सायप्रसला गेली होती, तिथलं इंग्रजांविरुद्धचं बंड मोडायला.

जिन्यात त्याने मेव्हिसला गाठलं. "तुला हे माहीत होतं?"

"लहानपणापासून."

"आणि तरी तू दर रविवारी?"

"स्टॅन, अरे खुळचट बायकी गोष्टी आहेत या. तूच हसत होतास ना?"

"खुळचट आहेत ना? मग येत्या रविवारी हात ठेवू नकोस."

मेव्हिसने कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "डेन्झिल समुद्रावर आहे."

"आणि माझा कॉलिन काय बागेत खेळतोय?"

तो खाली उतरून गेला, आणि त्या आठवड्यात त्याने तिला पेपरमिंट दिलं नाही.

रविवार आला. थिएटर भरलं. पुढच्या दोन रांगा नेहमीप्रमाणे रजेवर आलेल्या जवानांसाठी फुकट ठेवलेल्या, निळे आणि खाकी शेजारी शेजारी. स्टॅन लाटा लावत होता, पण नजर सगळी तिच्या उजव्या हातावर. "घंटा!" फेअरब्रास गरजले. टिंग. हसू उसळलं, ओसरलं. मेव्हिसने स्टॅनकडे पाहायचं टाळलं आणि पंजा ठेवला. आईच ती. दुसरं काय करणार होती?

त्याच्या पुढच्या रविवारी तिने पेला वाजवला, हसू आलं, तिचा हात पुढे झाला, आणि स्टॅनने तिचं मनगट धरलं. तो तबकडी सोडून आला होता. लाटांची तबकडी संपून सुई नुसती खरखरत होती. मेव्हिसने हिसडा दिला, त्याने सोडलं नाही. तो नुसता धापा टाकत होता, आणि त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता. आवाजाच्या टेबलापाशी दोन प्रौढ माणसं एका पेल्यावरून झटापट करताहेत, हे पाहून प्रेक्षक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात आले. माइक पेल्याच्या तोंडाशी होता. नाद चालला होता, चालला होता, बारीक होत होत मेला. "या घंटेला पेन्शन द्या रे कुणीतरी!" फेअरब्रास वेळ मारून न्यायला म्हणाले, आणि प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. एवढं मोठं हसू त्या कार्यक्रमाला आधी कधी मिळालं नव्हतं. हॅझलडीन ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या काचेमागून दोन्ही हात वर करून नाचत होते.

स्टॅनने मनगट सोडलं. "माफ कर," तो म्हणाला.

सोमवारी त्याच्या घरी तार आली. कॉलिनचा ट्रक शनिवारी दुपारी सायप्रसच्या एका घाटात सुरुंगावर गेला होता. दोघे जागीच गेले, कॉलिन आणि विगनचा कुणी एक पोरगा. शनिवारी. म्हणजे स्टॅनने मनगट धरायच्या आदल्या दिवशी, आणि मेव्हिसने पंजा ठेवला त्या रविवारनंतर. दोन.

मेव्हिसला हे कॅन्टीनमध्ये कळलं. ती भरला कप तसाच टेबलावर सोडून बाहेर निघून गेली. लोकांना वाटलं, बाईचं मन किती हळवं. तो सगळा आठवडा ती डेन्झिलच्या कार्डाची वाट पाहत जगली, कारण शेवटचा नाद कुणी थांबवला नव्हता. कार्ड आलं, माल्टाहून. उलट्या होतात, मजेत आहे. त्याच दिवशी पेपरात कोपऱ्यात एवढीशी बातमी होती, ग्रिम्सबीच्या मासेमारी बोटीवरून एक खलाशी पडला आणि सापडला नाही. तिने त्या खलाशाचं नाव तीनदा वाचलं. मग पेपराची घडी करून ती चुलीत घातली. आपला पोरगा वाचला म्हणून तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली, की पुढे कित्येक वर्षं ती समुद्रकाठच्या चर्चमध्ये पाय ठेवू शकली नाही.

स्टॅन काही आठवड्यांनी कामावर आला. कोट त्याला मोठा झाला होता. तबकड्या पुसून त्याने रचून ठेवल्या, मग पेला उचलला, रुमालाने लख्ख केला आणि तिच्यासमोर ठेवला.

"ठेव हात, मेव्हिस," तो म्हणाला. "तुझा अजून तिकडे आहे. माझं आता काय राहिलंय न्यायला?"

त्याने टोमणा मारला असता, शिवी दिली असती, तर तिने सहन केलं असतं. तो मनापासून बोलत होता. तिने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत खाकीतले दोन पोरगे बसले होते, एकाचे कान पुढे आलेले, दुसऱ्याच्या मांडीवर चिप्सचा कागद. मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं. "घंटा!" टिंग. दोघे एकदमच हसले, कान पुढे आलेला जरा जास्तच. नाद विरत आला. मेव्हिसने त्यांच्याकडे बघत बघत पंजा ठेवला.

मालिका संपेपर्यंत ती ठेवतच राहिली. मग तिने काम सोडलं आणि सॉल्टॅशला आली. येताना सामानात एकही पेला आणला नाही.

डेन्झिल सुखरूप परतला. गोदीत मोठ्या जहाजांना ओढून आणणाऱ्या टगबोटीवर तो कॅप्टन झाला, त्याचं लग्न झालं, मुलगा झाला किट. आईचे पत्र्याचे मग हा त्याच्या घरात थट्टेचा विषय होता. स्टॅन केव्हाच गेला होता. मेव्हिसला वाटत होतं, हिशेब कुठेतरी मिटला असावा.

किटने अठराव्या वर्षी लष्करात नाव घातलं. सगळं घराणं समुद्रावरचं आणि हा खाकीत. म्हातारीने त्याचे दोन्ही हात धरून सांगितलं, "नौदलात जा. भट्टीवर जा, स्वयंपाकघरात जा, पण खाकी नको." तो हसला. हसला की त्याचे डोळे मिटायचे. "आजी, मला बोट लागते गं," तो म्हणाला. त्याला बेलफास्टला पाठवलं, जिथे तेव्हा रस्त्यारस्त्यांत बाँब फुटत होते.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी डेन्झिलचा फोन आला. "आई, उद्या दुपारी वायरलेसवर टॅपिओका लावणार आहेत, जुना! आणि कुठला भाग माहितीय? तो सगळ्यात लांब हशावाला. तुझी घंटा! मी बोटीवर लावणार आहे, पोरांना सांगून ठेवलंय."

"उद्या बोटीवर आहेस तू?"

"वाऱ्याचा इशारा आहे, एक टँकर आत घ्यायचाय. तू ऐक हं नक्की!"

रविवारी दुपारी मेव्हिसने वायरलेसचा प्लग भिंतीतून काढला, वायर गुंडाळून कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. खिडक्या वाऱ्याने खडखडत होत्या. तिने विणकाम घेतलं. आपल्या घरात तरी वाजणार नाही, एवढं समाधान तिला होतं.

मिसेस गिलबर्ड कानाने अधू. तिचा वायरलेस नेहमी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. आधी भिंतीपलीकडून टाळ्या आल्या. मग लाटा. स्टॅनच्या लाटा, मेव्हिसने त्या कुठेही ओळखल्या असत्या. मग सीगल. मग फेअरब्रास गरजले, "घंटा!"

टिंग.

मेव्हिस उठली. विणकाम पायात अडकलं, तरी ती भिंतीपर्यंत पोचली आणि तिने पंजा पुढे केला. डेन्झिल. खाडीच्या तोंडाशी, या वाऱ्यात. भिंतीला हात टेकायला बोटभर अंतर उरलं आणि तिला किटचे मिटलेले डोळे दिसले. तिने हात मागे घेतला. पुन्हा पुढे केला. पलीकडे सुई खरखरत होती, थिएटर हसून हसून लोळत होतं, आणि नाद बारीक होत चालला होता. यावेळी तिचं मनगट कुणी धरलेलं नव्हतं.

नाद आपला आपण संपला की तिच्या हाताने, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पंजा भिंतीवर होता, पण तो केव्हा टेकला ते तिला आठवेना. "या घंटेला पेन्शन द्या रे कुणीतरी!" भिंतीपलीकडून आवाज आला, आणि मिसेस गिलबर्ड एकटीच मोठमोठ्याने हसली.

मग मेव्हिसने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत बाहेर आणली आणि ती टेलिफोनजवळ जाऊन बसली.